मुंबईकरांच्या खरेदीतून शेतातील पीकविविधता कशी राखावी

पालघर, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील अल्पभूधारक शेतकरी काय पेरतो, हे बऱ्याच अंशी मुंबई काय विकत घेते यावर ठरते. घाऊक बाजाराला एकसारखा, टिकाऊ आणि गाडी भरेल इतका माल हवा असतो. त्यामुळे वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीतील नाचणी-वरी, खाचराच्या बांधावरची तूर आणि भातानंतर उरलेल्या ओलाव्यावर येणारे कडवे वाल मागे पडतात. केवळ मागणी वाढल्याने विविधता वाढत नाही. हापूसला भाव आला तेव्हा कोकणात कलमांच्या बागा वाढल्या. कलम ही एकाच झाडाची प्रत असते, तर कोयीपासून उगवलेले प्रत्येक रायवळ झाड निराळे असते.

म्हणून सोसायटीतील काही कुटुंबांनी मिळून एखाद्या शेतकरी गटाशी थेट बोलावे आणि मागणी पेरणीपूर्वी नोंदवावी: भात, नाचणी, वरी आणि तुरीसाठी मे महिन्यात, वालासाठी भातकापणीच्या आधी. पीक हाती आल्यावर दिलेला चांगला भाव त्या वर्षीच्या पेरणीचा निर्णय बदलू शकत नाही, हे लक्षात घेऊन काही रक्कम आगाऊ द्यावी. मागणी एका नावाची नसावी. वाडा कोलम या तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाचे खास उत्पादन अशी अधिकृत ओळख, मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सर्वांनी तोच तांदूळ मागितला, तर शेजारच्या खाचरातील लाल भाताला गिऱ्हाईक उरणार नाही. थोडा भात गिरणीत वेगळा भरडून घेणे महाग पडते, म्हणून अशा जातींसाठी थोडा अधिक भाव आणि तांदळात तुकड्याचे (कणीचे) अधिक प्रमाण स्वीकारावे.

रानभाज्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. शेवळ ही रानभाजी म्हणजे तिच्या वनस्पतीचा कोवळा फुलोराच. तो सरसकट खुडला तर बी धरत नाही. दादरच्या बाजारात जुड्यांचे ढीग दिसले तरी गरजेपुरतेच घ्यावे, आणि त्याऐवजी परसात लावता येणाऱ्या करटोलीची मागणी नोंदवावी. तिची नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने दोन्ही राखायला सांगावे.

प्रत्येक हंगामात कोणती पिके आली आणि कोणती थांबली, याची वही ठेवावी. एखादे पीक थांबल्यास भाव, मजुरी की बियाणे यांपैकी कशामुळे, हे विचारावे. पुढच्या पेरणीचे बी बाजूला काढल्यावर उरेल तेवढेच धान्य विकत घ्यावे.