ठासणीची बंदूक आणि अलास्काचं अस्वल: या चुका टाळा

माझ्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या बंदुकीची टोपी (दारूला ठिणगी देणारी धातूची छोटी वाटी) फुटली, पण बार उडालाच नाही. मे महिना, अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडचा किनारा, दोन दिवस न थांबलेला पाऊस आणि चाळीस मीटरवर कोवळं गवत खाणारं काळं अस्वल. ‘टक्’ असा आवाज झाला. अस्वलाने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि ते सावकाश झाडीत शिरलं. मी मात्र बंदूक तशीच रोखून मनात साठ आकडे मोजत उभा होतो. टोपी फुटून बार उडाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान एक मिनिट थांबायचं असतं. आत ठिणगी धुमसत असली तर बार उशिरा उडतो, आणि तेवढ्यात नळीत डोकावायला गेलेला माणूस जिवाला मुकतो.

त्या दिवशी फुसक्या बाराची कारणं दोन निघाली आणि दोन्ही माझीच होती. आदल्या रात्री बंदूक शेगडी पेटलेल्या उबदार तंबूत ठेवली होती. थंडगार लोखंड उबेत आलं की त्यावर दव धरतं, नळीच्या आतूनसुद्धा. दुसरं कारण म्हणजे घरून निघताना नळीला लावलेलं तेल. दारू भरण्याआधी मी ते पुसलंच नव्हतं. टोपीखालच्या बारीक भोकात ते उतरलं होतं आणि ठिणगीची वाट बंद झाली होती.

कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक अजून काही घरांत आहे, त्यामुळे दारू, गज (गोळी ठासायची सळई), टोपी हे शब्द आपल्याला नवे नाहीत. अस्वलाच्या शिकारीचा मात्र आपल्याकडे प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. पुढचं सगळं अलास्कापुरतं. तिथे हंगाम आणि परवाना पाळून ही शिकार कायदेशीर आहे.

पहिली चूक विमानतळावरच होते. बंदूक कुलूपबंद पेटीत सामानात देता येते, पण काळी दारू आणि टोप्या अमेरिकेत प्रवासी विमानात हातातही चालत नाहीत आणि सामानातही नाहीत. त्या अलास्कात उतरल्यावर विकत घ्यायच्या. नेहमीच्या प्रतीची दारू तिथे मिळेलच याचा भरवसा नसतो, म्हणून आधी दुकानात फोन करा. वेगळी दारू मिळाली तर निशाणा पुन्हा लावायला एक दिवस हाताशी ठेवा. छोट्या विमानाने जंगलात उतरलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत शिकार करता येत नाही, हा नियमही बऱ्याच जणांना उशिरा कळतो. तपकिरी अस्वलासाठी अलास्काबाहेरच्या अमेरिकन नागरिकाला परवानाधारक गाइड किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतो. भारतीय पासपोर्टवर आलेल्याला काळ्या अस्वलासाठीसुद्धा गाइडशिवाय गत्यंतर नाही.

बंदुकीच्या मापाचाही नियम आहे. .५४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचांत) किंवा त्याहून मोठी नळी हवी, नाहीतर निदान .४५ आणि त्यात किमान २५० ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची लांबुळकी गोळी. हे वाचून काही जण आपल्या जुन्या घाटाच्या .५० च्या बंदुकीत लांब गोळी ठासतात आणि निभावलं असं समजतात. ती नळी गोल गोळीसाठी केलेली असते. तिचे आटे, म्हणजे नळीच्या आतले पिळाचे चर, सावकाश फिरतात, साधारण ६६ इंचांत एक फेरा. लांब गोळीला याच्या दुपटीहून जास्त पीळ लागतो. पीळ कमी पडला की गोळी हवेत डुलते आणि पन्नास मीटरवरच छिद्रं विखरायला लागतात. शिवाय अशी गोळी चिंधीशिवाय, म्हणजे भोवती कापड न गुंडाळता, भरली जाते. नळी खाली करून तासभर चाललात तर ती दारूपासून सुटून पुढे सरकू शकते, आणि मध्ये पोकळी राहिली की नळी फुगते किंवा फाटते. माझं मत विचाराल तर .५४ किंवा .५८ ची गोल गोळी, घट्ट चिंधी आणि जवळून बार, याला तोड नाही.

गोळी दारूवर पूर्ण टेकली की नाही हे अंदाजाने ठरवू नका. घरीच गजावर दोन खुणा करा: एक रिकाम्या नळीची, एक नेमकी भरलेल्या नळीची. जंगलात दर दोन तासांनी गज घालून दुसरी खूण पाहायची. गज खुणेपेक्षा वर राहिला तर गोळी अडकली आहे किंवा दारू दोनदा पडली आहे. तो खाली गेला तर दारू कमी आहे, किंवा घातलीच नाही.

दारू न घालता नुसती गोळी ठासणं हसण्यावारी नेऊ नका, गडबडीत भल्याभल्यांकडून ते होतं. उपाय सोपा आहे. टोपीची कांडी (टोपी जिच्यावर बसते तो पोकळ खुंटा) काढून त्या भोकातून चिमूटभर बारीक दारू आत सरकवा, कांडी परत बसवा, गजाने गोळी पुन्हा तळाशी दाबा आणि मोकळ्या दिशेला बार काढा. दारू ओली झाली असेल तर हा उपाय चालेलच असं नाही. मग गजाला स्क्रू लावून गोळी उपसून काढायची, तेही टोपी काढून ठेवल्यावरच.

डब्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही. आधी मापात, मग नळीत. आत एखादी ठिणगी उरली असेल तर मापातली दारू भडकेल, हातातला डबा नाही. आणि हल्लीच्या काडतुसातली धूर न करणारी दारू या नळीत चिमूटभरसुद्धा घालू नका. तेवढा दाब तिला पेलवत नाही.

पावसासाठी जुने उपायच बरे. टोपीच्या कडेने मेण, नळीच्या तोंडावर पातळ चिकटपट्टी, घोडा आणि टोपी असलेल्या कळीवर चामड्याचं झापड. टोपीऐवजी चकमकीची बंदूक असेल तर रंजक (बाहेरून पेटवायची बारीक दारू) दर तासाला बदला आणि बंदुकीच्या कानात, म्हणजे ठिणगीच्या भोकात, पक्ष्याचं पीस खोचून ठेवा. तंबूवर परतलं की टोपी काढून ठेवायची, आणि बंदूक बाहेर, आडोशाला, थंडीतच राहू द्यायची.

आता अंतर. गोल गोळी नळीतून निघताना सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास असते, नव्वद मीटरवर तीनशे-साडेतीनशेच उरतात. अलास्कातल्या कोडियाक बेटावरचा मोठा तपकिरी नर साडेसहाशे किलोच्या पुढे जातो, आणि त्याच्या खांद्याचं हाड पार करायला हा वेग पुरत नाही. म्हणून माझी हद्द पन्नास मीटर. अस्वल आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं राहीपर्यंत थांबायचं, आणि आपल्याकडचा पुढचा पाय पुढे पडला की त्याच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात गोळी घालायची. डोक्यावर नेम धरू नका. कवटी उतरती असते, गोळी घसरून जाते. समोरून चालत येणाऱ्या अस्वलावर तर नाहीच नाही.

धूर विसरू नका. दमट हवेत तो पाच-सहा सेकंद लोंबकळतो आणि अस्वल कुठे गेलं ते दिसत नाही. दोन पावलं बाजूला सरा, गजाला हात घाला. मला भरायला चाळीस सेकंद लागतात; अस्वल पन्नास मीटर चार सेकंदांत कापतं. म्हणूनच मागे गाइड काडतुसाची मोठी रायफल घेऊन उभा असतो, आणि त्याने कधी बार काढायचा हे आधीच बोलून ठरवायचं असतं.

रिकामी बंदूक किती महागात पडते हे अमेरिकन शोधप्रवासी मेरीवेदर लुईसला १४ जून १८०५ रोजी कळलं. मिसुरी नदीवरच्या मोठ्या धबधब्यांजवळ तो एकटा होता. त्याने एक बायसन (अमेरिकेतला रानबैल) मारला, तो कोसळायची वाट पाहत उभा राहिला आणि बंदूक भरायची राहून गेली. मागे वळून पाहिलं तर वीस पावलांवर ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वल. जवळपास झाड नाही. तो पळत जाऊन कमरभर पाण्यात शिरला आणि भाला रोखून उलटा फिरला. अस्वलाने माघार घेतली. त्याच वर्षी ५ मे रोजी त्याच्या सोबत्यांनी दहा गोळ्या घातलेलं एक अस्वल, त्यातल्या पाच फुप्फुसातून जाऊनही, अर्धी नदी पोहून गेलं होतं. तेव्हा अस्वल पडलेलं दिसलं तरी आधी बंदूक भरा, मग अर्धा तास थांबा. चरबी आणि दाट केस रक्त शोषून घेतात, माग फार कमी सापडतो. गेलेली दिशा झाडावर खूण करून ठेवा, आणि दाट आल्डरच्या झुडपात एकट्याने कधीच घुसू नका.

मांस खाणार असाल तर नीट शिजवा, आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस. अस्वलाच्या मांसातला ट्रायकिनेला कृमी गोठवल्याने मरेलच असं नाही. उत्तरेकडची एक जात बर्फातही टिकते.

आणि त्याच रात्री, कितीही दमला असलात तरी, बंदूक धुवा. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि सकाळपर्यंत नळीला गंज चढतो. रॉकेल किंवा महागडं रसायन नको. गरम पाणी आणि थोडा साबण, मग कोरड्या चिंध्या, त्या पांढऱ्या निघेपर्यंत. शेवटी तेलाचा हात. पुढच्या खेपेला दारू घालण्याआधी ते तेल पुसायचं, रिकाम्या नळीवर दोन टोप्या फोडायच्या आणि नळीच्या तोंडाशी धरलेलं गवताचं पातं हलतं का ते पाहायचं. हललं, तर वाट मोकळी आहे.