‘आवडलं, पण…’ : खऱ्या गुन्ह्यांवरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिताना या चुका टाळा

‘पुस्तक छान आहे, पण कुठेतरी खटकलं.’ तपासकथांची बहुतेक संमिश्र परीक्षणं या वाक्यापाशी येऊन थांबतात. खटकलं ते पोलिसांचं काम की लेखकाचं, हेच त्यात स्पष्ट नसतं.

तपासाचा राग पुस्तकावर काढणं

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. आरोपी कला महाविद्यालयातले विद्यार्थी होते. त्यांच्यापैकी एक माफीचा साक्षीदार झाला, म्हणजे शिक्षेतून माफीच्या बदल्यात त्याने साथीदारांविरुद्ध साक्ष दिली, आणि चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. अशा प्रकरणावरचं पुस्तक वाचून ‘मधला भाग रेंगाळतो’ म्हणणं सोपं आहे. पण इथे तपासच चौदा महिने चाचपडत होता. तो का चाचपडत होता, हे लेखकाने दाखवलं का, ते पाहा. दाखवलं नसेल तर तक्रार रास्त, आणि मग पानांचे आकडे देऊन करा.

माफीच्या साक्षीदाराबाबतही तेच. त्याच्या जबानीला स्वतंत्र पुरावा जोडून मिळतो का, हे न्यायालय तपासतं. लेखकाने सगळा घटनाक्रम त्याच्याच तोंडून घेतला असेल आणि पंचनामा, जप्ती, वैद्यकीय अहवाल यांच्याशी कुठेच ताडून पाहिला नसेल, तर हा दोष शैलीपेक्षा मोठा आहे.

‘कबूल केलं’ इथे समाधान मानणं

पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कोठडीतल्या आरोपीच्या माहितीवरून हत्यार किंवा मुद्देमाल सापडला, तर त्या माहितीचा फक्त तेवढ्या शोधाशी संबंधित भाग वापरता येतो. दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब ही वेगळी गोष्ट; तो पुरावा म्हणून चालू शकतो. म्हणून पुस्तकात ‘त्याने सगळं सांगून टाकलं’ आलं की तीन प्रश्न समासात लिहा: कोणापुढे? त्यातून काय सापडलं? न्यायालयाने ते मानलं का? नार्को चाचणीचं (औषध देऊन अर्धवट शुद्धीत केलेल्या चौकशीचं) रसभरीत वर्णन असेल तर आणखी सावध राहा. संमतीशिवाय अशी चाचणी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात २०१० मध्येच सांगितलं आहे.

संवादांवर डोळे मिटून विश्वास

बंद खोलीतलं बोलणं अवतरणचिन्हांत आलं की ते कोणी ऐकलं, हे विचारायलाच हवं. ट्रुमन कपोटी यांचं कॅन्ससमधल्या क्लटर कुटुंबाच्या हत्येवरचं १९६६ चं ‘इन कोल्ड ब्लड’ हे पुस्तक या प्रकाराचा मानदंड समजलं जातं, पण त्याचा स्मशानातला शेवटचा प्रसंग घडलेलाच नव्हता. गद्य अप्रतिम, तरी हा आक्षेप राहतोच. दोन्ही एकाच परीक्षणात मोकळेपणाने लिहिता येतं.

उपाय सोपा आहे. वाचताना पेन्सिलने तीन खुणा करा: कागदपत्रांवरून आलेल्या मजकुराला ‘क’, मुलाखतीतून आलेल्याला ‘म’, लेखकाच्या अंदाजाला ‘अ’. पुस्तकाच्या एखाद्या प्रकरणात ‘अ’ जास्त आणि मागे टिपाही नाहीत, तर तुमचा ‘पण’ तिथेच आहे.

निकाल न पाहता निकाल देणं

नोएडातल्या २००८ च्या दुहेरी खुनात गाझियाबादच्या सीबीआय न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये खून झालेल्या मुलीच्या आई-वडिलांना दोषी ठरवलं आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. या दोन तारखांच्या मधे छापलेलं पुस्तक दुसरा निकाल कुठून सांगणार? आवृत्तीचं वर्ष पाहा, अपिलाचं काय झालं ते शोधा. सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) हाताशी असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याची स्थिती दिसते. ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ हे शब्द मात्र अदलाबदल करून वापरू नका. असल्या परीक्षणांत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पुस्तकात नाव छापलेलं असलं तरी परीक्षणात पीडितेची ओळख देऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तो गुन्हा आहे.

एवढं करूनही परीक्षण गुळमुळीत वाटतंय?

मग बहुधा दोन मतं एकाच वाक्यात कोंबलेली असतात. ती सोडवा: तपासाचं काम, लेखकाचं संशोधन आणि भाषा यांना वेगवेगळे परिच्छेद द्या, आणि पाचपैकी किती तारे हे अगदी शेवटी ठरवा. आधी तारे दिले की मजकूर त्यांची वकिली करू लागतो.