मेंदूविज्ञानात येताय? आधी पेशंट मोजा

मेंदूविज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या विदर्भातल्या मुलामुलींचे मला महिन्याकाठी दोन-चार तरी मेसेज येतात. बहुतेक जण इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरवाले, आणि बहुतेकांच्या डोक्यात इलॉन मस्कची न्यूरालिंक कंपनी. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाच्या मेंदूत त्यांची १०२४ इलेक्ट्रोडची चिप बसली आणि मानेखाली लुळा असलेला तो तरुण हात न लावता कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळला, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढच्या काही आठवड्यांत त्या इलेक्ट्रोडच्या बऱ्याच बारीक तारा मेंदूतून मागे सरकल्या, सिग्नल घटला, मग सिग्नल वाचायची पद्धत बदलून गाडी रुळावर आणावी लागली, हे फार थोड्यांना माहीत असतं. या क्षेत्रातलं खरं काम त्या मागे सरकलेल्या तारांपाशी आहे. तिथे रस वाटत असेल तरच पुढे वाचा.

मी नागपुरातच इलेक्ट्रॉनिक्स शिकले. फायनल इयरला आम्ही चौघींनी ईईजीवरून, म्हणजे टाळूला इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत आलेखावरून, फिट ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल केलं. फिजिओनेट या वेबसाइटवर फुकट मिळणारा सीएचबी-एमआयटी डेटा घेतला. बोस्टनच्या बालरुग्णालयातले २२ पेशंट, २३ केसेस, सेकंदाला २५६ नोंदी. अचूकता आली ९९.२ टक्के. वायवात कौतुक झालं, घरी पेढे आले. त्या आकड्याच्या भरवशावर मी एका संस्थेत मुलाखतीला गेले. समोरच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "टेस्टमध्ये नवीन पेशंट किती होते?"

एकही नव्हता.

हे नीट समजून घ्या, दोनदा वाचावं लागलं तरी वाचा. आम्ही रेकॉर्डिंगचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे केले होते, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर एक सेकंद चढलेला. मग सगळ्या पेशंटांचे सगळे तुकडे एकत्र करून पत्त्यांसारखे पिसले, ऐंशी टक्के ट्रेनिंगला, म्हणजे मॉडेलला शिकवायला दिले, वीस टक्के टेस्टला, म्हणजे तपासायला. आता टेस्टमधला कोणताही तुकडा उचला. त्याचा पहिला सेकंद आधीच्या तुकड्यात जसाच्या तसा आहे, दुसरा पुढच्या तुकड्यात आहे, आणि ते दोन्ही तुकडे बहुधा ट्रेनिंगमध्ये बसलेत. पेपर आधीच फुटलेला होता. तुम्ही म्हणाल, मग तुकडे एकमेकांवर चढवू नका. तेवढ्याने भागत नाही. प्रत्येकाच्या ईईजीवर त्याची स्वतःची छाप असते: कवटीची जाडी, इलेक्ट्रोड नेमका कुठे बसला, त्या दिवशी कोणती गोळी चालू होती, झोप किती झाली होती. एकाच मुलाचे तुकडे दोन्हीकडे गेले की मॉडेल त्या मुलाची फिट पाठ करतं. उद्या ओपीडीत येणारं मूल त्याने कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून वाटणी माणसांची करा, तुकड्यांची नको. एक पेशंट पूर्ण बाहेर ठेवा, उरलेल्यांवर शिकवा, बाहेरच्यावर तपासा, आणि हे प्रत्येक पेशंटसाठी करा. डेटा एका मापात आणण्यासाठी सरासरी काढता ना, तीसुद्धा ट्रेनिंगच्या पेशंटांवरूनच.

तरीही एक खड्डा उरतो. पेशंट २२ आणि केसेस २३, हा एकाचा फरक कुठून आला? केस १ आणि केस २१ एकाच मुलीच्या आहेत, दीड वर्षाच्या अंतराने घेतलेल्या. डेटाच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. चौघींपैकी एकीनेही ते शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा.

आणि नुसती अचूकता सांगू नका. त्या डेटात फिटचा वेळ एकूण वेळेच्या एक टक्क्याहून कमी आहे. 'फिट नाही, फिट नाही' एवढंच म्हणत बसणारं मॉडेलही ९९ टक्क्यांच्या वर जातं. किती फिट पकडल्या आणि तासाला किती खोटे इशारे दिले, हे दोन आकडे द्या. मी पेशंटनुसार वाटणी करून पुन्हा चालवलं तेव्हा निम्म्याहून कमी फिट हाती लागल्या. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. पण घाबरू नका. तो माझा पहिला खरा आकडा होता आणि पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं राहिलं.

फायनल इयरचे प्रोजेक्ट तयार विकत मिळतात, ते घेऊ नका. मी हे कडक शब्दांत सांगते, कारण त्यातल्या कोडमध्ये हीच चूक मी स्वतः तीनदा पाहिली आहे. वीकेंडच्या सर्टिफिकेटांवरही माझा विश्वास नाही. त्या पैशात मेट्रोचा पास काढा आणि धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन ईईजीच्या खोलीत बसायची परवानगी मागा. पेशंटची संमती घ्या, मोबाईल बाहेर ठेवा, तोंड बंद ठेवा.

माझे पहिले खरे गुरू अशाच खोलीतले टेक्निशियन काका. टेपने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप घ्यायचं, त्याच्या दहा आणि वीस टक्क्यांवर पेन्सिलने खुणा करायच्या, केस बाजूला सारून पेस्ट लावायची. हे ते बोलता बोलता करत. मे महिन्यात एकदा एसी बंद पडला आणि कोणीतरी कूलर आत आणून लावला. स्क्रीनवर संथ, मोठ्या लाटा सुरू झाल्या. मेंदूच्या सगळ्यात संथ लहरींना डेल्टा म्हणतात. मी हरखून म्हटलं, "डेल्टा!" काकांनी मान हलवली. "ताई, हे मेंदू नाही करून राहिला, घाम करून राहिला. अन् ती बारीक दाट रेघ दिसते ना, ती कूलरच्या वायरीची." ५० हर्ट्झ, आपल्या घरच्या विजेची लय. मेंदूचा सिग्नल टाळूवर जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्ट येतो. पापणी मिटली तरी त्याच्या कित्येक पट मोठा झटका दिसतो. मेंदूवर शोधनिबंध लिहिलेल्या कोणीही मला हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

वादांकडेही याच नजरेने बघा. मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का? २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध आले, एक म्हणतो जवळजवळ नाही, दुसरा म्हणतो म्हातारपणीही होतात. भांडणाचा मोठा भाग मृत्यूनंतर ऊती किती वेळात आणि कशा जपल्या यावर होता. २०२५ मध्ये स्वीडनच्या गटाने प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मरणाशी जोडलेल्या भागात, विभागणाऱ्या पूर्वपेशी दाखवल्या, ज्यांच्यापासून नव्या चेतापेशी बनतात. तिन्ही शेजारी ठेवून फक्त नमुने कसे गोळा केले तेवढाच भाग वाचा, महिनाभराचं शिक्षण त्यात आहे. २०२० मधला प्रयोगही बघा: १०८ जणांचे तेच एफएमआरआय स्कॅन (मेंदूचा कोणता भाग कधी कामात आहे ते रक्तप्रवाहावरून दाखवणारे) ७० गटांना दिले, प्रश्न तेच नऊ. दोन गटांची पद्धत एकसारखी निघाली नाही आणि कित्येक प्रश्नांवर निष्कर्षही जुळले नाहीत.

"आकडा जरा फुगला तर काय बिघडलं" असं एका ज्युनिअरने मला विचारलं होतं. पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात २००८ साली न्यायालयाने मेंदूच्या विद्युत चाचणीचा आधार घेतला होता. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग (म्हणजे अशीच मेंदूची विद्युत चाचणी) करायला मनाई केली. आपला आकडा कोणाच्या तरी आयुष्याला जाऊन भिडतो, हे मला तो निकाल वाचताना कळलं.

बायोलॉजी बारावीनंतर सुटली म्हणून मागे हटू नका. माझीही सुटली होती. निम्हान्स, मानेसरची एनबीआरसी, बंगळुरूची आयआयएससी, मेंदूवर काम करणाऱ्या अशा सगळ्या संस्थांत सिग्नल समजणारी माणसं लागतात. गाईड निवडताना मात्र त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि विचारा, निकाल वाईट आला की सर काय म्हणतात?

माझ्या त्या पडलेल्या मॉडेलचं पुढे काय झालं ते सांगते. एका मुलावर ते सारखे खोटे इशारे द्यायचं. मी त्या वेळचे प्रिंट काढून काकांकडे नेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कानशिलाजवळच्या चॅनेलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे पोरगं काहीतरी खाऊन राहिलं." घरी येऊन मी त्या मुलाचे सगळे खोटे इशारे एकेक करून उघडले. रात्री दोनपर्यंत मोजत होते. निम्म्याहून जास्त ठिकाणी तीच चावण्याची लय होती.