धिंगरीच्या पिशवीत कोंडा घालताना

धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम; ती काडाच्या (पेंढ्याच्या) पिशव्यांत वाढवतात. जास्त पिकासाठी पहिल्यांदा मी हावरटपणा केला. काडात गव्हाचा कोंडा न मोजता मूठमूठ घातला. काही दिवसांतच पिशव्या हिरव्यागार! ती ट्रायकोडर्मा बुरशी. कोंड्यातलं नत्र धिंगरीला आवडतं, तसं तिलाही.

आता 10 किलो कोरड्या काडाला 500 ग्रॅम कोंडा, बस्स. काड 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवते. कोंडा मात्र ओलसर करून, वेगळा, कुकरमध्ये दीड तास वाफवते. निथळलेलं काड मुठीत दाबलं की तळवा ओला व्हावा, धार लागू नये. दोन्ही पूर्ण गार झाल्यावरच कालवते आणि थराथरांत बियाणं पेरते. पिशव्या एकमेकींना चिकटवू नका. कोंड्यामुळे आत ऊब वाढते, आणि ती फार वाढली की बुरशीचंच फावतं. सोयापेंड घालायची असेल तर प्रमाण याहून कमी.