कोबीचे खुंट आधी गाडा, मग औषधाचं बघा

फेब्रुवारीत रात्रीचा गारवा ओसरला की कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग (डायमंडबॅक मॉथ, याच्याच अळ्या कोबीची पानं खातात) वेग धरतो. थंडीत महिनाभर घेणारी पिढी आता सोळा-सतरा दिवसांत पुरी होते. जोराच्या सरीने बारीक अळ्या धुऊन जातात, पण पुढचे दोन-तीन महिने तोही आधार नाही. म्हणून खुंट गाडण्याचं काम याच आठवड्यात करा.

नाशिक, जुन्नर, साताऱ्याकडे प्लॉट जातात ते बहुतेक एकाच चुकीने. गड्डे काढले की खुंट तसेच उभे राहतात. भाव पडला तर गड्ड्यांसकट अख्खा प्लॉट सोडून दिला जातो. खुंटांना कोवळे फुटवे येतात आणि पतंग त्यांवर अंडी घालतो. तिथे कोणी फवारत नाही. पंधरवड्याने निघालेले पतंग शेजारच्या नव्या लागवडीवर किंवा तुमच्याच रोपवाटिकेवर उतरतात. मग दुकानात धाव, आणि भारी औषध मारूनही अळी मरत नाही ही तक्रार.

शेवटच्या तोड्यानंतर तीन दिवसांत शेत मोकळं करा. नुसता रोटाव्हेटर फिरवून भागत नाही. वर राहिलेले तुकडे पुन्हा फुटतात. खुंट मुळासकट उपटा किंवा पलटी नांगराने गाडा, वर वीतभर माती हवी. गड्डे साफ करताना काढलेला पाला बांधावर टाकू नका. त्यावरचे कोष चार-पाच दिवसांत फुटतात. न विकलेला प्लॉटही गाडा. त्या शेतात पुढे दोन महिने कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांपैकी काही नको. शेजाऱ्याचे खुंट उभे असतील तर एकट्याचं काम अर्धंच होतं, त्याच्याशी बोला.

नव्या लागवडीत कोबीच्या दर २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्या: एक लागवडीच्या १५ दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. पतंग आधी मोहरीवर जातो. पण मोहरीवरच्या अळ्या मारल्या नाहीत तर तिथेच पैदास होते, तेव्हा तिच्यावरही फवारा.

आठवड्यातून दोनदा २० झाडांची पानं उलटून पाहा. हात लागताच वळवळत धाग्याने लोंबकळते ती हीच अळी. झाडागणिक सरासरी दोन अळ्या दिसल्या की फवारणी. पानावर तांदळासारखे छोटे पांढरे कोष असतील तर ते बहुधा अळी खाणाऱ्या मित्रकीटकाचे. तेव्हा रासायनिक औषध चार दिवस लांबवा.

पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची. ५ किलो निंबोळी पावडर ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबण मिसळून एकूण १०० लिटर करा. दुसरी बीटीची (अळी मारणाऱ्या जिवाणूची पावडर), १० लिटरला १० ग्रॅम, संध्याकाळी. उन्हात तिचा जोर जातो. तरीही अळी राहिली तर १० लिटरला क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी १ मिलि किंवा इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ४ ग्रॅम. एकच औषध लागोपाठ नको, अळी त्याला सरावते. १९५० च्या दशकात जावा बेटावरच्या डोंगराळ कोबीत डीडीटी या जुन्या कीटकनाशकाला न जुमानणारी अळी हीच. दुकानदार तीन औषधं आणि टॉनिक एकत्र देईल. टॉनिकने अळी मरत नाही, ते पैसे वाचवा. साधं स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) मात्र घ्याच, कोबीच्या मेणचट पानावर पाणी ठरत नाही.

तुषार सिंचन असेल तर सांजवेळी दहा मिनिटं चालवा. पतंग तेव्हाच उडतो, ओल्या पानावर त्याला जमत नाही असा शेतातला अंदाज आहे. पानं रात्रभर ओली राहून घाण्या रोग (जिवाणूंमुळे होणारी काळी कूज) दिसू लागला तर थांबवा.

बाकी नेहमीची कामं:
– रोप ४ आठवड्यांचं, अंतर ४५ × ४५ सेंमी
– हेक्टरी १६०:८०:८० किलो नत्र-स्फुरद-पालाश. अर्धं नत्र महिन्याने
– कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) एकरी ५
– पाणी नियमित. ताणानंतर एकदम दिल्यास गड्डे फुटतात

वरच्या दोन्ही रासायनिक औषधांनंतर काढणीला निदान ३ दिवस थांबा. डब्यावर जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे.