लीलावतीचे जुने इंग्रजी भाषांतर हाती आल्यावर ते कसे तपासावे

गणिताच्या किंवा ज्योतिषाच्या ग्रंथाचे जुने इंग्रजी भाषांतर समोर आले की बहुतेकांचे लक्ष आधी छपाईच्या वर्षाकडे जाते आणि मग किमतीकडे. वर्ष पाहावेच. पण अशा पुस्तकाला खरा प्रश्न विचारायचा तो वेगळा : भाषांतर करताना भाषांतरकाराच्या समोर नेमके काय होते? मूळ संस्कृत पोथी होती, तिच्यावरची टीका म्हणजे विवरणग्रंथ होता, की आधीच कोणी केलेले फार्सी भाषांतर? याचे उत्तर बहुधा त्या पुस्तकातच सापडते, मात्र ते कोठे शोधायचे हे ठाऊक असावे लागते. पुढील पद्धत मी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या भाषांतरांच्या आधाराने सांगत आहे, कारण त्यांतील एक आपल्या मुंबईतच छापले गेले.

भास्कराचार्यांनी आपला जन्मशक १०३६ असल्याचे स्वतःच नोंदवले आहे आणि वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, सिद्धान्तशिरोमणी रचला. या ग्रंथातील लीलावती व बीजगणित हे गणिताचे भाग इंग्रजीत आले ते जवळजवळ एकाच वेळी. एडवर्ड स्ट्रेची यांचे बीजगणित १८१३ मध्ये लंडनला, जॉन टेलर यांची लीलावती १८१६ मध्ये मुंबईच्या कुरिअर छापखान्यात, आणि हेन्री कोलब्रुक यांचे लीलावती, बीजगणित व ब्रह्मगुप्ताचे दोन अध्याय असे एकत्र भाषांतर १८१७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. पाच वर्षांच्या आत निघालेली ही तीन पुस्तके एकमेकांची नक्कल नाहीत. प्रत्येकाची वाट निराळी आहे.

सुरुवात शीर्षकपृष्ठापासून करावी आणि त्यावरचा मजकूर अक्षर न अक्षर उतरवून घ्यावा. शुद्धलेखन आपल्या सवयीप्रमाणे सुधारू नये. त्या काळी भास्कर हे नाव इंग्रजीत ‘के’ऐवजी ‘सी’ने लिहीत, टेलर यांच्या लीलावतीत ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ आहे, आणि कोलब्रुक यांच्या शीर्षकात ब्रह्मगुप्त हा ‘ब्रह्मेगुप्त’ झाला आहे. ग्रंथालयाच्या सूचीत आजच्या वळणाने नाव शोधले आणि काहीच मिळाले नाही, म्हणजे पुस्तक नाही असे समजू नये. तीन-चार वळणांनी शोधावे, ग्रंथकाराच्या नावाने न मिळाल्यास भाषांतरकाराच्या नावाने शोधावे. इंग्रजी मुद्रितांची जी मोठी सूची अभ्यासक नेहमी वापरतात, ती १८०० सालापर्यंतच येते. म्हणून १८१६ चे पुस्तक तिच्यात नसणे हे दुर्मिळतेचे लक्षण मुळीच नव्हे.

त्यानंतर प्रस्तावना, आणि तीही घाईने चाळून नव्हे. स्ट्रेची यांचे बीजगणित संस्कृतातून आलेले नाही. शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रुश्दी यांनी केलेल्या फार्सी भाषांतरावरून ते केलेले आहे. त्या फार्सीत मूळ आणि टीका यांची सरमिसळ झाली असून काही ठिकाणी चक्क युक्लिडचा हवाला येतो, हे स्ट्रेची यांनी प्रस्तावनेत प्रामाणिकपणे सांगितले आहे. ती ओळ ज्याने वाचली नाही तो वाचक पुढे युक्लिडचे नाव पाहून भास्कराचार्यांना ग्रीक भूमिती ठाऊक होती असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. एका वाक्याकडे दुर्लक्ष झाल्याने इतिहासच फिरतो, म्हणून प्रस्तावनेचा मी एवढा आग्रह धरतो.

हीच कसोटी लीलावतीच्या गोष्टीलाही लावावी. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि मुलीचे सांत्वन करण्यासाठी पित्याने तिच्या नावाने ग्रंथ रचला, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या आज्ञेने फैजी यांनी १५८७ मध्ये जे फार्सी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. हाती आलेल्या इंग्रजी पुस्तकात ती गोष्ट आहे का, आणि असल्यास कोणाच्या आधाराने दिली आहे, हे टिपून ठेवावे. संस्कृतावरून भाषांतर करणाऱ्याच्या टेबलावर फार्सी प्रतही होती की काय, हे त्यावरून कळू शकते.

कोलब्रुक यांच्या पुस्तकात तळटीपा दाट आहेत आणि माझ्या मते या तिघांत तेच सर्वांत उपयोगी आहे ते या तळटीपांमुळे. कोणती ओळ मुळाची आणि कोणता खुलासा टीकाकाराचा, हे ते वेगळे ठेवतात, टीकाकाराचे नावही देतात. त्यांतील गणेश म्हणजे कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ, ज्यांचा ग्रहलाघव आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला. लीलावतीवरील त्यांची बुद्धिविलासिनी ही टीका १५४५ ची आहे. लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकाच्या तळटिपेत नांदगावचा माणूस भेटतो तेव्हा मला दर वेळी थांबावेसे वाटते. तळटीप वाचताना ती मूळ ग्रंथाची समजून उद्धृत करू नये, एवढी काळजी घ्यावी.

आता प्रत्यक्ष मजकूर. सगळे पुस्तक मुळाशी ताडून पाहणे एका बैठकीत होत नाही, म्हणून दोन-तीन श्लोक निवडावेत आणि ते आकड्यांवरून शोधावेत. श्लोकांचे क्रमांक प्रत्येक आवृत्तीत बदलतात, पण उदाहरणातील आकडे बदलत नाहीत. खांबाच्या तळाशी बीळ आहे, नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, आणि खांबाच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येत आहे. मोर सापावर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर १२ हात. नऊ, सत्तावीस आणि बारा हे तीन आकडे धरून शोधले की कोणत्याही भाषांतरात हा श्लोक पाच मिनिटांत सापडतो. सापडल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : ‘हात’ या मापासाठी कोणता शब्द घातला आहे, श्लोकापाठोपाठ रीतही दिली आहे का, आणि आकृती आहे का.

दुसरा श्लोक वर्तुळाच्या परिघाचा घ्यावा, कारण त्याने भाषांतराची जात कळते.

व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः परिधिः स सूक्ष्मः ।

येथे भ म्हणजे नक्षत्रे २७, नन्द ९, अग्नि ३. अंक उजवीकडून डावीकडे मांडत गेल्यास ३९२७ होतात. ख म्हणजे शून्य, बाण ५, सूर्य १२, म्हणून १२५०. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागले की परिघ मिळतो. त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात व्यवहारापुरते स्थूल मान २२ व ७ असे दिले आहे. इंग्रजीत आकडे येतात आणि नक्षत्रे, अग्नी, बाण, सूर्य नाहीसे होतात. त्याबद्दल भाषांतरकाराला दोष देता येत नाही, मात्र तो शब्दांकांची ही पद्धत कोठे समजावतो का, हे पाहावे. ताडण्यासाठी पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये काढलेली लीलावती जवळ असावी. तिच्यात बुद्धिविलासिनीही आहे, त्यामुळे कोलब्रुक यांच्या तळटीपा थेट मूळ टीकेशी लावून पाहता येतात.

प्रत अस्सल आणि पूर्ण आहे का, हा भाग त्यानंतरचा. कोलब्रुक यांच्या प्रतीत आरंभीची ८४ पाने रोमन आकड्यांची आणि पुढे ३७८ पाने असावीत. प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, पहिल्या पानाच्या तळाशी इंग्रजी अक्षराची खूण असते. या मालिकेत ‘जे’ व ‘डब्ल्यू’ नसतात आणि ‘यू’ व ‘व्ही’ यांपैकी एकच असते, म्हणून तेथे पाने गहाळ झाली असे समजू नये. मजकूर बहुधा ‘बी’पासून सुरू होतो, कारण ‘ए’ हे अक्षर शेवटी छापल्या जाणाऱ्या प्रस्तावनेसाठी राखून ठेवीत. पान उजेडासमोर धरावे. १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदात जलचिन्हात पुष्कळदा वर्ष असते. ते शीर्षकपृष्ठावरच्या वर्षानंतरचे निघाले तर प्रश्न विचारावा. मला एकदा एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने ‘१८१७ची प्रत’ म्हणून जे दाखवले ते छायाचित्रावरून केलेले पुनर्मुद्रण होते. शीर्षकपृष्ठ हुबेहूब होते, पण पान तिरके धरून उजेड टाकल्यावर खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, दाब कोठेच दिसेना. खिळ्यांनी छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवले तरी अक्षरांचा सूक्ष्म उठाव पुष्कळदा जाणवतो.

सूर्यसिद्धान्त या जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथाच्या भाषांतराच्या बाबतीत पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचावे. एबेनेझर बर्जेस हे अमेरिकन मिशनरी मराठी मुलुखात काम करीत होते आणि शाळांसाठी मराठीत ज्योतिषाचे पाठ्यपुस्तक तयार करताना या विषयाकडे वळले. त्यांचे भाषांतर १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात आले, पण त्यातील टिपांवर अमेरिकन संस्कृतज्ञ विल्यम व्हिटनी यांचा हात मोठा आहे. हिंदू ज्योतिष ग्रीकांकडून आले या व्हिटनी यांच्या मताशी आपण सहमत नाही, हे बर्जेस यांनी शेवटी स्वतंत्र टीप लिहून सांगितले आहे. टिपांतले मत बर्जेस यांचे म्हणून सांगणारा लेखक त्यांच्यावर अन्यायच करतो. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री यांचे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कलकत्त्याला निघाले. ते बर्जेस यांच्या शेजारी ठेवून वाचावे.

युरोपीय ग्रंथांनाही हाच नियम लागतो. अँड्र्यू मॉट यांनी १७२९ मध्ये न्यूटनच्या प्रिन्सिपियाचे इंग्रजी केले ते १७२६ च्या तिसऱ्या आवृत्तीवरून, १६८७ च्या पहिल्या आवृत्तीवरून नव्हे. त्यामुळे त्यातील वाक्य १६८७ चे म्हणून देता येत नाही. हेन्री बिलिंग्जली यांच्या १५७० च्या युक्लिडमध्ये अकराव्या भागात घनाकृती उभ्या करण्यासाठी कागदाच्या घड्या चिकटवलेल्या आहेत. त्या गळून पडल्या असल्यास डिंकाचे डाग शोधावेत. त्या पुस्तकाच्या शीर्षकात युक्लिडला मेगाराचा म्हटले आहे. मेगाराचा युक्लिड हा निराळा तत्त्वज्ञ होता. ती त्या काळची चूक आहे, बनावटपणाची खूण नव्हे.

संगणकावरची प्रत कामाला पुरेशी असते, पण घडीची पाने तेथे पुष्कळदा न उलगडताच टिपलेली असतात. आकृती अर्धवट दिसली तर दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत उघडावी.

पुस्तक आपल्याच संग्रहात असेल तर कोरडे, धुतलेले हात पुरेत. शाईचे पेन जवळ ठेवू नये, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि पुस्तक सपाट उघडण्याचा हट्ट धरू नये, कारण जुन्या बांधणीचा कणा तेथेच तुटतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशी आणि कसर यांचा धोका असतो, म्हणून पुस्तक ज्या पेटीत ठेवले असेल ती पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून पाहावी. तपासणीत जे कळले ते, म्हणजे मूळ कोणते, कोणाच्या टीका, किती पाने, काय गहाळ, हे सर्व शिसपेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. ती चिठ्ठी पानांत न घालता पेटीच्या झाकणाला आतून लावावी, कारण साध्या कागदातले आम्ल काही वर्षांत शेजारच्या पानावर तपकिरी चौकोन उमटवते.