टाकीत बसणारा इंधन पंप स्वतः कसा घडवावा: खान्देशच्या उन्हात धावणाऱ्या पेट्रोल गाडीसाठी

केळीच्या बागेला पाणी देणाऱ्या खान्देशातल्या शेतकऱ्याला वरून ओढणारा पंप आणि पाण्यात बुडून खालून ढकलणारा सबमर्सिबल यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. गाडीच्या इंधनालाही तोच न्याय लागू होतो. इंजिनाजवळचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो आणि कमी दाबाखाली द्रव लवकर उकळतो. पेट्रोलचे हलके घटक एरवीही साधारण ३५ ते ४० अंशांपासून उकळू लागतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तापलेल्या इंजिनाजवळच्या नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पंप ओढेनासा होतो आणि गाडी झटके मारत बंद पडते. पंप टाकीत बुडवला की पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलले जाते आणि ही अडचण बहुतांशी मिटते.

पुढील माहिती जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला एमपीएफआय (संगणकाच्या नियंत्रणाखाली प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) इंजिन बसवणाऱ्यांसाठी, तसेच बाहेरचा पंप काढून टाकीत पंप घालू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत जाऊन विचारावे, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या रचनेतील बदलावर बंधने आहेत आणि इंजिन बदलत असल्यास त्याची नोंद करून घ्यावी लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

पंपाची निवड

कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.३ बार (बार हे दाबाचे एकक) दाब पुरतो, तर एमपीएफआयला साधारणपणे ३ बार लागतो. म्हणून पहिला निर्णय दाबाचा आणि दुसरा प्रवाहाचा. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात दर अश्वशक्तीमागे ताशी अंदाजे ०.३ लिटर पेट्रोल लागते. म्हणजे ६० अश्वशक्तीच्या इंजिनाला ताशी १८ लिटर. इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलसाठी त्यात सहा-सात टक्के वाढ धरावी, वर तीसेक टक्के राखीव ठेवावेत, तरी आकडा २५ लिटरच्या आसपासच राहतो. कंपनीच्या साध्या पंपाची क्षमता याहून बरीच जास्त असते. असे असूनही अनेकजण ताशी २५५ लिटरचा स्पर्धेच्या गाड्यांसाठीचा पंप घेतात, आणि आपल्या भागात हीच निवड सर्वांत चुकीची ठरते, कारण न वापरलेले पेट्रोल परतीच्या नळीने सतत फिरत राहते, पंपाची आणि इंजिनाची उष्णता घेऊन टाकीत येते आणि टाकी अर्धी झाली की तापत जाते. पंपाच्या कागदावरील प्रवाहाचा आकडा किती दाबाला आणि किती व्होल्टला दिला आहे, हेही पाहावे. दाब वाढला की प्रवाह घटतो.

टाकी

खरे काम येथे आहे. रिकाम्या टाकीत पेट्रोल नसले तरी वाफ असते. ती हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि हवेतील तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हा एका ठिणगीने भडकते. त्यामुळे पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक धोक्याची असते. तिच्यावर घरी ग्राइंडर, ड्रिल किंवा वेल्डिंग अजिबात करू नये. याच गाडीची पुढील एमपीएफआय आवृत्ती निघाली असेल, जशी मारुती ८०० ची निघाली, तर तिची टाकी मिळवून बसते का ते आधी पाहावे. गेजचा फ्लोट, नळ्यांची तोंडे आणि पट्ट्यांच्या जागा जुळल्या की निम्मे काम वाचते. पंप आत घालण्यासाठी टाकीला तोंड नव्याने कापायचेच असेल, तर पाण्याच्या वाफेने टाकी धुऊन आणि निष्क्रिय वायू भरून काम करणाऱ्या कारागिराकडेच ती द्यावी.

तोंडाला बसणारी गोल प्लेट ४ ते ५ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची करून घ्यावी; लेथवाल्याला मापाचे चित्र काढून दिले तर हे काम सहज होते. तिच्यावर चार गोष्टी येतात: पुढे जाणारी नळी, परतीची नळी, हवेची नळी आणि वायर आरपार नेणारा गळतीरोधक कनेक्टर. बोल्ट टाकीच्या आत उघडे राहिले तर आट्यांमधून पेट्रोल झिरपते, म्हणून टाकीच्या तोंडाभोवतीच्या कड्यातच स्टड पक्के करून घ्यावेत. पॅकिंग व्हायटॉन रबराचे असावे. कॉर्क, साधे रबर आणि ट्यूबमधील सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाहीत.

पंप टांगणे

प्लेटपासून तळापर्यंतची खोली लाकडी काडीने मोजावी, तीही टाकी गाडीत बसते त्याच कोनात ठेवून. पंपाची जाळी तळाला हलकी टेकावी, पण चेपू नये. पंपाचा देह तळापासून दहा-पंधरा मिलिमीटर वर असावा आणि आवाज पत्र्यात उतरू नये म्हणून त्याला रबरी वेष्टन द्यावे.

चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना पाव टाकी पेट्रोल वळणावळणाला एका बाजूला धावते आणि जाळी उघडी पडते. पंपाला पेट्रोल हेच वंगण आणि तेच थंडावा असल्याने कोरडा पंप लवकर जळतो. यावर उपाय म्हणजे पंप एक-दीड लिटरच्या छोट्या बादलीत उभा करणे: बादलीच्या तळाशी फक्त आत उघडणारी झडप ठेवावी आणि परतीचे पेट्रोल बादलीतच सोडावे, म्हणजे टाकीत काही झाले तरी पंप बुडालेला राहतो. ही बादली टाळून पैसे वाचवू नयेत.

पंपापासून प्लेटपर्यंतचा नळीचा तुकडा क्षुल्लक वाटतो, पण तो आतून-बाहेरून दोन्हीकडून पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. बाहेर वापरायची साधी इंधन नळी तेथे काही काळात फुगून फुटते. बुडवून वापरण्यासाठी बनवलेली, जिच्यावर ३०आर१० असे छापलेले असते, तीच नळी घ्यावी आणि कडा गुळगुळीत असलेल्या क्लिपने आवळावी.

वायरिंग

पंपाला थेट इग्निशनच्या वायरवरून वीज देऊ नये. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तेथून अडीच चौरस मिलिमीटरची वायर, मध्ये रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि पंपाची अर्थ वायर घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर, अशी मांडणी असावी. रिले ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रण संगणकाकडून, चालवावा, कारण इंजिन थांबले की तो पंप बंद करतो. अपघातात फुटलेल्या नळीतून पंप पेट्रोल ओतत राहणे यापेक्षा वाईट काही नाही. त्याच कारणासाठी धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विचही बसवावा. पेट्रोलमध्ये विजेची मोटर फिरते आणि तरी आग लागत नाही याचे अनेकांना नवल वाटते. मोटरीत द्रव भरलेला असतो आणि तेथे जळण्यापुरती हवाच नसते. टाकीच्या आत वायरचा उघडा सांधा मात्र कधीही ठेवू नये.

चाचणी

अग्निशामक हाताशी ठेवून, मोकळ्या जागेत आणि सकाळच्या थंड वेळी चाचणी घ्यावी. पाच लिटर पेट्रोल टाकून, दाब ठरलेल्या ३ बारवर ठेवूनच, परतीच्या नळीचे पेट्रोल ३० सेकंद मापाच्या डब्यात घ्यावे आणि जमा झालेल्या लिटरला १२० ने गुणावे. हा ताशी प्रवाह होय. पंप चालू असताना त्याच्या टर्मिनलवरील व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी आढळले, तर वायर किंवा अर्थ तपासावी. सर्व सांधे कोरडे राहिले की मगच टाकी गळ्यापर्यंत भरावी, कारण प्लेटची गळती भरलेल्या टाकीतच दिसते. साधारण ५०० किलोमीटरनंतर बाहेरचा फिल्टर बदलून जुना उघडून पाहावा. त्यात गंजाची पूड असेल तर टाकी पुन्हा उतरवून धुवावी आणि पंपाची जाळीही नवी घालावी.